गाडीला हिवाळाभर तळ्यात-मळ्यात ठेवू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ४३ वर्षांची आहे, रुग्णालयात पाळीने काम करते. घरापासून काम १४ किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी जुनी, कार्ब्युरेटरवाली, दोन सिलिंडरची मोटरसायकल घेतली आणि तेव्हापासून तिच्यावरच जाते-येते. इथे चार महिने बर्फ असतो, रस्त्यांवर मीठ टाकतात. गेल्या हिवाळ्यात गाडी अंगणात प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली लावली. उभी राहून खराब होऊ नये म्हणून दर रविवारी दहा मिनिटं चालू करत होते. तरी मार्चमध्ये बॅटरी गेलेली, कार्ब्युरेटर तुंबलेला, नटबोल्टांवर गंज. मेकॅनिककडे तीन आठवडे नंबर लागला नाही. नवरा म्हणतो, पहिल्या थंडीतच गाडी आत टाक. ज्यांच्याबरोबर मी चालवायला शिकले ते म्हणतात, खरा रायडर बारा महिने चालवतो. आता पुन्हा पारा उतरतोय. चालवू की ठेवू? खरं सांगू का, कामावरून परत येतानाची पंचवीस मिनिटं अशी असतात की मला कुणी काही विचारत नाही. ती चार महिने सोडायला मन तयार होत नाही.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा गाडीसाठी आणि एकदा शेवटच्या दोन वाक्यांसाठी. त्या वाक्यांकडे येतेच. पण आधी गेल्या हिवाळ्याबद्दल बोलू, कारण त्यातून तुम्ही जो धडा घेतलात तो मला पटत नाही.

तुमचं म्हणणं, गाडी उभी राहून खराब झाली. मला वाटतं ती धड उभीही राहिली नाही आणि धड चाललीही नाही, म्हणून खराब झाली. ती रविवारची दहा मिनिटं तुम्ही मायेपोटी दिलीत हे मला कळतं. पण सगळ्यात जास्त नुकसान त्यांनीच केलं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. तापलेल्या इंजिनात त्याची वाफ होते आणि ती सायलेन्सरमधून निघून जाते. कडाक्याच्या थंडीत जागेवर दहा मिनिटं चालवलेलं इंजिन बाहेरून हाताला गरम लागतं, पण आतलं ऑइल आणि सायलेन्सरचा मागचा भाग तोवर पुरता तापलेला नसतो. वाफेचं तिथेच पुन्हा पाणी होतं. काही सायलेन्सरमध्ये साचतं, काही ऑइलमध्ये मिसळतं. तुमच्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. पिवळट, दुधाळ, मलमासारखा थर बोटाला लागला तर ते गेल्या हिवाळ्याचं पाणी आहे. बॅटरीचंही तेच. थंड इंजिनाला सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं दहा मिनिटांच्या मंद चालण्यातून परत भरत नाही. दर रविवारी तुम्ही तिला थोडं थोडं उतरवत होतात. वरून प्लास्टिकची ताडपत्री! तिच्याखाली जमिनीतली ओल अडकून राहते आणि दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने गाडीवरच थेंब धरतात.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या गाडीला मीही दोन हिवाळे असंच वागवलं होतं. दुसऱ्या वसंतात मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडून त्यातला पायलट जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भाग, माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा एवढासा तुकडा, मध्ये अर्धा मिलिमीटरही नसेल एवढं भोक. तो म्हणाला, उजेडाकडे धरा. धरला, तर पलीकडचं काही दिसेना. आत हिरवट-तपकिरी लाखेसारखा थर बसला होता, पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरतो तो. त्याने साफ करून पुन्हा हातात दिला तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार आला. एवढ्याशा भोकासाठी माझी गाडी महिनाभर बंद होती.

तेव्हा तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. चालवणं आणि ठेवणं, दोन्ही चालतं. दोन्हीची आपापली कामं आहेत आणि ती केली तर गाडीला काही होत नाही. या दोन्हींच्या मध्ये मात्र राहू नका.

आता ‘खरा रायडर’. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. गाडी वर्षातल्या कोणत्या महिन्यांत रस्त्यावर असणार, ते आकडे प्लेटवरच छापलेले असतात. वर ०४ आणि खाली १० म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले महिने ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायचीही नाही आणि लावायचीही नाही. त्याच देशात बव्हेरियाच्या जंगलात ऐन हिवाळ्यात मोटरसायकलवाल्यांचा एक मोठा मेळावा भरतो, एलेफांटेनट्रेफेन नावाचा, म्हणजे ‘हत्तींचा मेळावा’. त्याची सुरुवात १९५६ सालची. त्सुंडाप केएस ६०१ या गाडीला ‘हिरवा हत्ती’ म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. लोक बर्फात तंबू ठोकून राहतात. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक आहे. पण तिथे येणाऱ्यांच्या गाड्या बघितल्या तर साइडकार लावलेल्या कितीतरी दिसतात. तीन चाकांची गाडी बर्फावर घसरली तरी सहसा आडवी होत नाही. म्हणजे बारा महिने चालवणारेसुद्धा नुसत्या हिमतीवर चालवत नाहीत, त्यासाठी वेगळी गाडी बांधतात. प्लेटवर महिने छापून घेणारा आणि बर्फात तंबू ठोकणारा, दोघेही मोटरसायकलवाले. तुमच्या शिकवणाऱ्यांना हे जरूर सांगा.

तरीही हिवाळ्यात चालवण्याचा विचार मी उडवून लावत नाही. कोरडा रस्ता आणि स्वच्छ ऊन असेल तर शून्याच्या वर चार-पाच अंशांतही मोटरसायकल छान चालते. प्रश्न चार गोष्टींचा आहे: वारा, टायर, बर्फाचा पातळ थर आणि मीठ.

बाहेर शून्य अंश असताना तुम्ही ८० च्या वेगाने गेलात तर उघड्या कातडीला ते उणे दहासारखं लागतं. यात सगळ्यात आधी बोटं जातात. बोटं बधिर झाली की ब्रेक हळूहळू दाबता येत नाही, एक तर लागत नाही नाहीतर एकदम लागतो. निसरड्या रस्त्यावर नेमकं हेच महागात पडतं. म्हणून हिवाळ्यात चालवायचं ठरवलं तर पहिला खर्च हातांवर करावा. हँडलवर बसणारे जाड मोजे, त्यांना मफ म्हणतात, दिसायला बेढब असतात पण वारा पूर्ण अडवतात, आणि आत पातळ हातमोजे घालून लिव्हर नीट जाणवतो. गरम होणाऱ्या ग्रिप्स त्यानंतर. विजेवर गरम होणारं जॅकेट घेताना मात्र गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, किती वॅट देतो ते आधी बघा. ग्रिप्सना ३०-४० वॅट पुरतात, जॅकेट शंभराच्या जवळ जातं. छोट्या गाडीला तेवढं झेपत नाही आणि बॅटरी चालता चालता उतरते.

टायरचं असं की तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. २० अंशांत भरलेली हवा उणे पाचला चार-पाच पीएसआयने उतरलेली असते. शिवाय थंडीत रबर कडक होतं. स्पोर्ट टायर असतील तर ते जवळजवळ प्लास्टिकसारखे होतात आणि छोट्या अंतरात तापतच नाहीत. तुमचे १४ किलोमीटर तसं छोटंच अंतर आहे.

बर्फाच्या थराबद्दल मला तुमची जास्त काळजी वाटते, कारण तुम्ही पाळीने काम करता. हवेचा पारा तीन अंश दाखवत असतानाही रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली असू शकतो. स्वच्छ आकाशाच्या रात्री तर हमखास. पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. हा थर डांबराच्याच रंगाचा दिसतो, ओला रस्ता असावा असा. सगळ्यात धोक्याची वेळ पहाटेची, आणि रात्रपाळी संपवून तुम्ही निघता तीही तीच. दहा-बारा तास उभं राहून आलेला माणूस, अंधार, गारठलेली बोटं आणि पुलावरचा न दिसणारा बर्फ, एवढं सगळं एकत्र आलं तर कौशल्याला वावच उरत नाही. दोन चाकं एकदम सुटली की सावरायला वेळ मिळत नाही.

मीठ माणसाला पाडत नाही, पण गाडी खातं. त्यातून रस्त्यावर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड टाकत असतील तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः ओलंच राहतं. पुष्कळ जण एक चूक हमखास करतात, मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये आणून लावतात. गारठ्यात गंजण्याची क्रिया मंद असते, ऊब मिळाली की तिला जोर येतो. मिठाच्या रस्त्यावरून आलात तर आधी गार पाण्याने गाडी धुवा. गरम पाणी नको आणि प्रेशरचा फवाराही नको, तो बेअरिंगच्या सीलमधून आत पाणी घुसवतो. मग चेन पुसा आणि वाळली की ल्यूब लावा. हे दर फेरीला. रात्रपाळीनंतर, उणे दोन अंशांत, अंगणात बालदी घेऊन हे रोज होईल का, याचं उत्तर तुम्ही स्वतःला खरं खरं द्या. ज्यांच्याकडे नळाजवळ आडोसा आहे, दिवसाची नोकरी आहे, कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली साधी गाडी आहे आणि खराब दिवशी बसने जायची तयारी आहे, त्यांनी खुशाल हिवाळाभर चालवावी.

तुम्हाला मी गाडी ठेवा असं सांगेन. पण नवरा म्हणतात तसं पहिल्या थंडीत नको. थंडी आणि मीठ या वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमची तारीख मिठावरून ठरली पाहिजे. रस्त्यावर पहिल्यांदा मीठ पडेपर्यंत, दिवसपाळीला, पारा चारच्या वर असेल तेव्हा चालवत राहा. मीठ पडलं की गाडी आत. आणि बर्फ वितळला म्हणून लगेच काढू नका. दोन-तीन चांगले पाऊस पडून रस्त्याच्या कडेची पांढरी भुकटी धुऊन गेली की काढा. बहुतेकांना असं करून सुरुवातीचे काही आठवडे परत मिळतात. चार महिन्यांचे तुमचे तीनच झाले तरी बरंच आहे. नवऱ्यांनाही ही रेषा मान्य करायला सोपी जाईल, कारण ती डोळ्यांना दिसते.

आता ठेवायची कशी. यात पेट्रोल आणि बॅटरी ही दोन कामं खरी, बाकीची किरकोळ म्हणता येतील अशी.

शेवटच्या फेरीला पंपावर टाकी भरून घ्या आणि तिथेच पेट्रोल स्टॅबिलायझर टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. घरी येईपर्यंत ते सगळीकडे पोचतं. स्टॅबिलायझर ताजं पेट्रोल ताजं ठेवतो, शिळं झालेलं सुधारत नाही, म्हणून मागाहून टाकून उपयोग नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली की आत हवेला जागा राहत नाही, आणि हवा नाही म्हणजे ओल नाही. लोखंडी टाकी आतून अशीच वाचते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, अगदी जिथून पेट्रोल बाहेर जातं तिथे. तुमच्या गाडीला आणखी एक काम आहे: टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा आणि फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाचा स्क्रू सैल करून त्यातलं पेट्रोल छोट्या बरणीत काढून घ्या, दोन्ही कार्ब्युरेटरचं. पाच मिनिटांचं काम. हे केलं असतं तर गेल्या मार्चमध्ये कार्ब्युरेटर उघडावा लागला नसता. इंजेक्शनवाल्यांना याची गरज नाही, त्यांना स्टॅबिलायझर पुरे.

बॅटरी काढून घरात आणा. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट. गाडीत ठेवली तर घड्याळ आणि अलार्म तिला थेंब थेंब उपसत राहतात. पूर्ण चार्ज असलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे सात-आठच्या आसपास गोठू शकते, आणि गोठली की तिचं कवच तडकतं. तुमची बहुधा अशीच गेली. मल्टिमीटर असेल तर काही तास तशीच ठेवून मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली म्हणजे लगेच चार्ज हवी. आपोआप थांबणारा छोटा चार्जर एकदा घ्या, तो नव्या बॅटरीचे पैसे वाचवतो. हवा खेळती असेल अशा जागी लावा. लिथियम बॅटरी असणाऱ्यांनी तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा आणि शून्याखाली चार्ज करू नये.

बाकीचं भराभर सांगते. गाडी ठेवण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा. ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला, वसंतात नाही, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं आणि ते तीन महिने बेअरिंगवर बसून राहतं. नवीन ऑइल घातल्यावर, बाऊल रिकामे करण्याआणि बॅटरी काढण्याआधी, मिनिटभर इंजिन चालवा, मग वसंतापर्यंत पुन्हा हात लावू नका. रविवारीही नाही. कूलंटवाली गाडी असेल आणि उन्हाळ्यात कुणी त्यात साधं पाणी घातलं असेल तर तपासून घ्या. अर्धं पाणी आणि अर्धं अँटिफ्रीझ असं मिश्रण उणे ३५ पर्यंत तग धरतं, नुसतं पाणी इंजिन फोडतं. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही उरकून टाका. चेनला भरपूर ल्यूब, टायरमध्ये नेहमीची पूर्ण हवा, शक्य तर डबल स्टँडवर, आणि पुढचं चाक महिन्यातून दोनदा थोडं फिरवून ठेवा. नंगे धातूचे भाग गंजरोधक स्प्रेने पुसा, पण ब्रेकच्या डिस्कला आणि टायरला तो चुकूनही लागू देऊ नका.

जागा जमली तर अंगण सोडा. शेजारपाजारी कुणाच्या कोरड्या शेडमध्ये कोपरा मिळतो का विचारा. अंगणच असेल तर खाली लाकडी फळी आणि वर हवा जाणारं कव्हर. ताडपत्री नको. आणि उंदरांना विसरू नका. त्यांना एअर फिल्टरची पेटी फार आवडते. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत तारेच्या घासणीचा बोळा घालून ठेवा.

मेकॅनिकचं काही काम असेल तर ते आत्ता, हिवाळ्याच्या तोंडाशी करून घ्या. वसंतात सगळ्यांनाच गाडी एका आठवड्यात हवी असते. विमा कंपनीलाही विचारा, उभ्या गाडीसाठी काही ठिकाणी कमी हप्ता असतो. चोरी आणि आग मात्र त्यातून वगळू नका.

आता ती पंचवीस मिनिटं. मला वाटतं तुम्ही गाडी सोडायला घाबरत नाही, ही वेळ जाईल म्हणून घाबरताय, आणि ती भीती खरी आहे. आठ-दहा तास लोकांच्या हाका ऐकून आलेल्या माणसाला घरच्या हाका सुरू होण्याआधी थोडी शांतता लागते. ती तुम्हाला हेल्मेटमध्ये मिळत होती आणि मागावी लागत नव्हती. हिवाळ्यात मागावी लागेल, एवढाच फरक. नवऱ्यांना ‘गाडी ठेवते’ हे सांगाल त्याच दिवशी हेही सांगा की या तीन महिन्यांत मी कामावरून अर्धा तास उशिरा येईन आणि तो अर्धा तास कशासाठी ते विचारायचं नाही. बसमधून दोन थांबे आधी उतरा, चाला. किंवा थेट शेडमध्ये जा. ब्रेकचे कॅलिपर साफ करायला, स्वीचच्या जोडण्यांना ग्रीस लावायला, सीटची उसवलेली शिवण घालायला हिवाळ्यासारखा वेळ नाही. मी स्वतः ज्या हिवाळ्यात गाडीचे प्लग काढून त्यांचा रंग वाचायला शिकले, तो मला गाडीपासून लांब गेल्यासारखा वाटलाच नाही.

आणि गाडी झाकण्याआधी एक कागद लिहून हँडलला दोऱ्याने बांधा. तुमच्याच अक्षरात: बॅटरी घरात आहे. कॉक बंद आहे. बाऊल रिकामे आहेत, कॉक उघडून थोडं थांब. टायरची हवा बघ. ब्रेक दोनदा दाबून बघ. सायलेन्सरमधला बोळा काढ. हवेच्या नळीतलाही.